सॉफ्टवेअरच्या जाळ्याखालचं लोखंड

दहा-बारा वर्षांपूर्वी एखाद्या बँकेच्या सर्व्हररूममध्ये गेलं, की कामाची वाटणी डोळ्यांना दिसायची. एका रॅकमध्ये सर्व्हर, दुसऱ्यात स्टोरेजची पेटी, तिसऱ्यात फायरवॉल आणि लोड बॅलन्सर. प्रत्येकाचा विक्रेता वेगळा, देखभालीचा करार वेगळा. हायपरकन्व्हर्ज्ड रचनेनं ही वाटणी मोडली. चार-सहा एकसारखे सर्व्हर घ्यायचे, डिस्का त्यांच्याच पोटात बसवायच्या आणि सॉफ्टवेअरनं त्या सगळ्यांचा मिळून एक साठा करायचा. त्याच सर्व्हरांवर नेटवर्कही सॉफ्टवेअरच चालवणार.

मग हार्डवेअरची चिंता संपली, असं विक्रीच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. माझं मत नेमकं उलटं आहे. साठा आणि नेटवर्क एकाच वायरवर आले, की कार्ड आणि स्विच निवडताना झालेली चूक दोघांनाही भोवते आणि ती सॉफ्टवेअरनं झाकता येत नाही.

उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या रचनेचं घेऊ. विंडोज सर्व्हर २०१६ च्या डेटासेंटर आवृत्तीत ‘स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट’ आणि सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग दोन्ही आले. त्यातला लोड बॅलन्सर ज्या घडणीचा आहे, तिचं मूळ मायक्रोसॉफ्टच्याच अझुर या क्लाउडमध्ये वापरलेल्या आणि २०१३ मध्ये शोधनिबंधातून मांडलेल्या ‘अनंता’ या प्रणालीत आहे. पुढे याच वाटेवर ‘अझुर स्टॅक एचसीआय’ आलं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून त्याचं नाव ‘अझुर लोकल’.

या नेटवर्कचा पाया व्हीएक्सलॅन. जुन्या व्हीलॅनच्या क्रमांकाला १२ बिट मिळतात, म्हणजे वापरायला ४०९४ जाळी. व्हीएक्सलॅनच्या क्रमांकाला २४ बिट आहेत, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक. त्यासाठी मूळ पॅकेट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून पाठवावं लागतं आणि इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. इथरनेटच्या १४ बाइटांच्या हेडरसह नेहमीची चौकट (फ्रेम) १५१४ बाइटांची. मायक्रोसॉफ्ट बाहेरच्या पाकिटासाठी १६० बाइट राखायला सांगते. बेरीज १६७४. दोन सर्व्हरांमधल्या प्रत्येक स्विचच्या प्रत्येक पोर्टवर किमान एवढी चौकट जायला हवी. एका जरी पोर्टवर जुनी मर्यादा राहिली, तरी लक्षण फसवं असतं. पिंगला उत्तर येतं, लॉगिनची खिडकी उघडते, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की ती मध्येच लटकते. दोष अॅप्लिकेशनवर जातो आणि माणसं भलतीकडेच शोधत बसतात. म्हणून पिंग साध्या आकाराचा करू नये. तुकडे करण्यास मनाई करून, मोठ्या आकाराचा पिंग प्रत्येक सर्व्हरवरून दुसऱ्या प्रत्येक सर्व्हरकडे पाठवावा.

नेटवर्क कार्डाचंही तसंच. व्हीएक्सलॅनचं ओझं कार्डानं स्वतः उचललं नाही, तर ते प्रोसेसरवर पडतं. त्यात साठ्याची वाहतूक आरडीएमएवरून, म्हणजे प्रोसेसरला टाळून थेट मेमरीतून मेमरीत, चालते. त्यासाठी रॉकी जातीचं कार्ड घेतलं, तर स्विचमध्ये डीसीबी लागतं, म्हणजे पॅकेट गळू न देणारा प्राधान्यक्रम आणि बँडविड्थची हमी; ती साठ्यासाठी साधारण ५० टक्के राखतात. आयवॉर्पचं कार्ड टीसीपीवर चालतं, त्यामुळे स्विचवरचा हा व्याप बराच टळतो. ज्या संस्थेत नेटवर्कचं काम एकाच माणसाच्या अंगावर असतं, तिथे मी आयवॉर्पच सुचवेन. कार्डांची जोडी मात्र एकाच मॉडेलची आणि एकाच फर्मवेअरची हवी. ही जोडी बांधणाऱ्या ‘स्विच एम्बेडेड टीमिंग’ला एलएसीपी, म्हणजे स्विचच्या बाजूनंही जोडी बांधण्याची पद्धत, चालत नाही, हेही स्विच लावणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं.

आता हिशेब. चार सर्व्हर, प्रत्येकात ३.८४ टीबीच्या ६ डिस्का. एकूण ९२.१६ टीबी. डिस्क गेली तर दुरुस्तीला जागा हवी, म्हणून दर सर्व्हरमागे एक डिस्क मोकळी ठेवायची. उरले ७६.८. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवायच्या, म्हणजे हाती येतात २५.६ टीबी. खरेदीच्या कागदावर ९२ आणि वापरायला २५, हे व्यवस्थापनाला आधी सांगितलेलं बरं. शिवाय प्रत्येक लिखाणाच्या किमान दोन प्रती वायरवरून जातात, म्हणून चार सर्व्हरांना १० गिगाबिटवर भागवू नये, २५ घ्यावं.

मेमरीचंही गणित मांडू. प्रत्येकी ५१२ जीबी असेल तर बेरीज २०४८, पण एक सर्व्हर बंद पडला तरी काम चालायला हवं, म्हणून १५३६ च धरायची. त्यातून नेटवर्कची स्वतःची व्हर्च्युअल मशीन वजा करायची: नियम वाटणाऱ्या नेटवर्क कंट्रोलरची तीन (प्रत्येकी ४ व्हर्च्युअल सीपीयू, ४ जीबी), लोड बॅलन्सरचे दोन मक्स, म्हणजे येणारी वाहतूक वाटणारी मशीन, आणि तीन गेटवे (प्रत्येकी ८ आणि ८). म्हणजे ५२ सीपीयू आणि ५२ जीबी, तुमचं एकही काम सुरू होण्याआधी. विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये कंट्रोलर थेट सर्व्हरांवर क्लस्टरची सेवा म्हणून चालवता येतो, तेव्हा त्यातले १२-१२ वाचतात. तीन कंट्रोलरांपैकी दोन जिवंत लागतात. पण सगळे पडले तरी चालू वाहतूक थांबत नाही, कारण नियम प्रत्येक सर्व्हरच्या व्हर्च्युअल स्विचमध्ये उतरलेले असतात. थांबतात ते बदल.

रॅकच्या माथ्यावरचा स्विच बीजीपी, म्हणजे मार्ग एकमेकांना कळवण्याची भाषा, बोलणारा हवा. मक्स आपले सार्वजनिक पत्ते बीजीपीनं त्याला कळवतात आणि तो येणारी वाहतूक सर्व मक्सांत वाटतो. परतीचं उत्तर मक्सला वळसा घालून सर्व्हरमधून थेट जातं. पण बऱ्याच स्विचमध्ये बीजीपीसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो आणि कोटेशनमध्ये नेमका तोच गाळलेला असतो.

तेव्हा निविदा लिहिणाऱ्यांना एकच आग्रहाची विनंती. सर्व्हर आणि स्विच वेगवेगळ्या निविदांत मागवू नका. कार्डाचं मॉडेल, स्विचचा बीजीपी परवाना आणि १६७४ बाइटांची चाचणी या तीन गोष्टी स्वीकृतीच्या अटींत लिहा, आणि चाचणी तुमच्यासमोर पार पडल्याशिवाय बिलावर सही करू नका.