वाटाण्याचा सिनेमा

राजा हरिश्चंद्राच्या आधी दादासाहेब फाळक्यांनी एका वाटाण्याला नायक केलं होतं. साल १९१२. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन ते एप्रिलमध्ये लंडनहून मुंबईला परतले. घरी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर हलणार नाही असा बसवला आणि महिनाभराहून जास्त काळ ठरावीक वेळानं एकेक फ्रेम टिपत राहिले. मग पडद्यावर माती फुगली, कोंब वर आला, पानं उलगडली आणि बघता बघता रोप उभं राहिलं. ‘अंकुराची वाढ’ हे त्या इवल्या चित्रपटाचं नाव. पैसे घालू शकतील अशा ओळखीच्या मंडळींना फाळक्यांनी तो दाखवला आणि त्याच्या बळावर कर्ज उभं केलं.

या वाटाण्यानं मला गेली काही वर्षं झपाटून टाकलं आहे. घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी सिनेमा करणाऱ्या माणसांच्या मागावर मी असते, आणि कुठूनही निघाले तरी फिरून या कुंडीपाशीच येते. सिनेमाचं सगळं मर्म तिथं उघडं दिसतं. वाहत्या वेळेच्या फोडी करायच्या, त्या जपून ठेवायच्या आणि आपल्याला हव्या त्या वेगानं पुन्हा वाहत्या करायच्या, बस. हे ज्याला उमगलं त्याला ना महाल लागतो ना लवाजमा. त्याला कुंडी पुरते.

पण फोडी होतात कशा? घरात शिलाई मशीन असेल तर तिच्यासमोर जरा बसा. सुई कापडात असते तेव्हा कापड थांबलेलं असतं. सुई वर गेली की खालचे दाते कापडाला टाक्याएवढं पुढे ढकलतात आणि सुई खाली यायच्या आत पुन्हा थांबवतात. फ्रान्समध्ये लुई ल्युमिएर यांना फिल्म कशी सरकवावी हे कोडं पडलं होतं, तेव्हा त्यांना याच थांबत-चालत जाण्यातून वाट सापडली. कॅमेऱ्यातही तेच घडतं. फिल्म थांबते, झडप उघडते, उजेड आत येऊन चित्र उमटतं, झडप मिटते आणि त्या अंधारात एक आकडा फिल्मच्या कडेच्या भोकात अडकून तिला एका चित्राएवढी खाली ओढतो. फाळक्यांच्या काळी हे सगळं हातानं फिरवायच्या दांड्यावर चाले. दांड्याच्या एका फेऱ्यात ८ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला १६ चित्रं. फिल्म धावते असं आपण सहज म्हणतो, पण खरं तर ती सेकंदातून १६ वेळा थांबते. थांबली नाही तर पडद्यावर नुसता फराटा उमटेल. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी आईच्या मशीनवर एक जुनी उशीची खोळ उगाचच चार वेळा शिवली.

आता त्या भोकांकडे या. भोकं नसतील तर आकड्याला धरायला काहीच नाही, आणि फाळक्यांनी आणलेली कोरी फिल्म भोकांशिवायच होती. ती घरीच पाडावी लागत. त्यासाठी वेगळं यंत्र होतं, आणि ते चालवायला शिकल्या सरस्वतीबाई फाळके. मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं. म्हणजे फुटाला १२८. ३,७०० फुटांना ४,७३,६००. शिवाय कॅमेऱ्यातली फिल्म वेगळी आणि पडद्यावर दाखवायची प्रत वेगळी. दोन्हींना भोकं हवीत. साडेनऊ लाखांच्या आसपास आकडा जातो, आणि यात वाया गेलेली फिल्म धरलेलीच नाही. एक भोक तिरकं पडलं की चित्र पडद्यावर उडी मारणार! अंधाऱ्या खोलीत, मुलाबाळांचं आणि स्वयंपाकाचं उरकून हे काम करणारी बाई ही माझ्या लेखी भारतीय सिनेमाची पहिली तंत्रज्ञ आहे. रसायनं कालवणं, फिल्म धुऊन चित्र उमटवणं हेही त्यांनी हाती घेतलं होतं, आणि चित्रणाला जमलेल्या साठ-सत्तर माणसांच्या जेवणाची चूल पुन्हा त्यांचीच.

अंधारी खोली म्हणजे मिट्ट अंधारच असावा लागे असं नाही. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल दिव्याच्या मंद उजेडात ती हाताळता येई. याच कारणानं कपाळावरचं कुंकू पडद्यावर काळंभोर उतरे आणि निळं आकाश पांढरंफटक. रंगांची ही उलटापालट डोक्यात ठेवूनच कपडे नि रंगभूषा ठरवायची.

विजेचे मोठे दिवे नव्हते, म्हणून चित्रण उन्हात. पण दुपारचं ऊन डोळ्यांखाली, नाकाखाली खड्ड्यांसारख्या सावल्या पाडतं. उपाय घरातलाच: पांढरी चादर. ती उन्हात तिरपी धरली की उजेड उलटून चेहऱ्यावर खालून येतो आणि सावल्या भरून निघतात. चादर धरून तासन्‌तास उभ्या राहणाऱ्यांतही सरस्वतीबाई होत्याच. तारामतीचं काम करायला एकही बाई तयार झाली नाही, तेव्हा हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदास तर घरचाच, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांनी हे सगळं पाहिलं.

फाळक्यांचं मला सगळ्यात काय आवडतं ते सांगते. जादूचे प्रयोग करणाऱ्या या माणसानं सिनेमाची जादू मात्र पोटात ठेवली नाही. १९१७ साली त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाचा चित्रपट काढला आणि त्यात स्वतःच कॅमेऱ्यासमोर येऊन काम करून दाखवलं.

तिथून एकदम मालेगावात येते. मधली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं वगळते, कारण मला जो धागा दिसतो तो याच दोन टोकांना बांधलेला आहे.

मोसम नदीच्या दोन्ही काठांचं हे यंत्रमागांचं गाव. आठवडाभर मागांची खडखड आणि शुक्रवारी सुट्टी. सुट्टी म्हणजे सिनेमा. शेख नासिर तिथं व्हिडिओ पार्लर चालवायचे आणि लग्नांचं शूटिंग करायचे. त्यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. डाकूंना घोडे हवेत, घोडे परवडत नाहीत, म्हणून डाकू सायकलींवर! लोक खळखळून हसले, आजही हसतात. पण जरा थांबून पाहिलं तर त्यामागचा विचार फार नेटका आहे. पाठलागाच्या प्रसंगात घोडा नेमकं काय काम करतो? वेग देतो, माणसाला जमिनीपासून उचलतो, टोळीला एक लय देतो. हे सगळं सायकल करते. कॅमेरा हलकेच सरकवायला मोठ्या कंपन्या रूळ टाकतात. मालेगावात कॅमेरावाला सायकलवर बसायचा. कॅमेरा उंच उचलायला क्रेन लागते, मालेगावात बैलगाडी. गाडीच्या आसावर एक टोक दाबलं की दुसरं वर जातं. एका टोकाला कॅमेरावाला, दुसऱ्या टोकाला माणसांचा भार, आणि तो भार हळूहळू वाढवत नेला की कॅमेरा आभाळाकडे निघतो. सायकलही तीच, बैलगाडीही तीच, रोज दारावरून जाणारी. वस्तूचं नाव विसरून तिचं काम तेवढं ओळखणारी नजर तिथं होती.

नासिर संकलन शिकले ते दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून. ही कसरत ज्यांनी केली नाही त्यांना तिची जोखीम कळायची नाही. एका यंत्रावर मूळ टेप चालवायची, दुसऱ्यावर कोरी. हवा तो प्रसंग आला की दुसऱ्याचं बटण दाबायचं, संपला की थांबवायचं, मग पुढचा तुकडा शोधायचा. मध्येच काही घालायचं झालं तर तिथपासून पुढचं सगळं पुन्हा. शिवाय प्रत्येक नकलेत चित्र थोडं फिकं, थोडं दाणेदार होत जातं. म्हणून हात उचलण्याआधी अख्खा सिनेमा डोक्यात लावून झालेला असावा लागतो.

पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ घेतला. उडायचं कसं? हिरवं कापड ताणून त्याच्यापुढे माणसाला उडण्याच्या पवित्र्यात टिपायचं. मग संगणकाला सांगायचं, जिथं जिथं हा हिरवा ठिपका सापडेल तिथं दुसरं चित्र भर. माणसाच्या कातडीत असा हिरवा नसतो, म्हणून माणूस तेवढा शिल्लक राहतो आणि मागं मालेगावचं आकाश येतं. निळं कापड वापरलं असतं तर सुपरमॅनचा निळा पोशाखच आकाशात विरघळला असता! सुपरमॅन झाले होते शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारे, अगदी सडपातळ. मध्येच कॅमेरा पाण्यात पडला, मध्येच शफीक यांचं लग्न निघालं, काम थांबलं नि पुन्हा सुरू झालं. ही सगळी धडपड फैझा अहमद खान यांनी २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपली आहे. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला, पण आधी माहितीपट पाहा असं मी प्रत्येकाला सांगते. शफीक पुढे कर्करोगानं गेले. हिरव्या कापडापुढे हात ताणून पडलेला तो माणूस, डोळ्यांत निव्वळ हौस, मला विसरता येत नाही.

हे सगळं वाचून, पाहून झाल्यावर गेल्या थंडीत मी एका कुंडीत वाटाणे पेरले.

जुना फोन पुस्तकांच्या चळतीत घट्ट बसवला, चार्जर लावून ठेवला, दर पाच मिनिटांनी एक चित्र. दिवसाला २८८. सेकंदाला २४ या वेगानं दाखवलं तर एक दिवस १२ सेकंदांत संपतो. पहिला प्रयत्न वाया गेला: फोन आपणहून उजेड कमी-जास्त करत होता, त्यामुळे पडदा दिवाळीच्या माळेसारखा लुकलुकत राहिला. मग उजेडाची मात्रा एकाच जागी बांधून टाकली, खिडकीला जाड पडदा लावला आणि एक छोटा दिवा रात्रंदिवस चालू ठेवला. दुसऱ्या खेपेला चौदाव्या दिवशी आईनं पाणी घालताना कुंडी वीतभर सरकवली. चित्रात रोप त्या जागी चक्क उडी मारतं. ती उडी मी काढलेली नाही.

वीस दिवसांची चार मिनिटं झाली. ती पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं होतं, रोप सरळ वर वाढताना दिसेल. पण ते गोल फिरत होतं. शेंडा हवेत एकामागून एक वळसे घेत होता. दीडेक तासाचा फेरा, पडद्यावर पाऊण सेकंदाचा. डार्विन यांनी वनस्पतींच्या या फिरण्यावर १८८० साली अख्खं पुस्तक लिहिलं, तेही कॅमेऱ्याशिवाय, शेंड्याची जागा काचेवर ठिपक्यांनी खुणावत. आणि मी जन्मभर वाटाण्याचे वेल पाहत आले, त्यांना स्थिर समजत आले.

वेलाला मी एक दोरा बांधून ठेवला होता. अठराव्या दिवशी, म्हणजे ३ मिनिटं ३६ सेकंदांच्या आसपास, पानाच्या टोकाचा तणावा, आधार धरायला फुटणारी ती केसाएवढी बोटं, दोऱ्याजवळून जातो आणि चुकतो. पुन्हा फिरून येतो, पुन्हा चुकतो. तिसऱ्या फेऱ्याला त्याचा दोऱ्याला स्पर्श होतो आणि अर्ध्या सेकंदात तो दोऱ्याभोवती वळसा घालून घट्ट धरतो.

आईला बोलावून दाखवलं. ती उभ्यानंच बघत होती. तणाव्यानं दोरा धरला तसा तिनं खुर्ची ओढली, बसली आणि म्हणाली, “पुन्हा लाव.”