हुशार व्हेरोनिका चुकते तेव्हा...

मुलांनो, गुप्तहेर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोण उभं राहतं? कुणाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवेल, कुणाला भिंग घेऊन फिरणारा शेरलॉक होम्स. या सगळ्यांच्या गोष्टी वाचताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो. चोर वाईट आणि गुप्तहेर चांगला! शेवटच्या पानावर चोर पकडला जातो, गुप्तहेराची पाठ थोपटली जाते आणि आपण समाधानाने पुस्तक मिटतो.

पण गुप्तहेरच चुकीचं वागला तर? चोराला पकडण्यासाठी त्यानेच चोरी केली तर? मग त्याला शाबासकी द्यायची की कान पकडायचा?

हा प्रश्न एका अमेरिकन मालिकेने फार धीटपणे विचारला. मालिकेचं नाव ‘व्हेरोनिका मार्स’. २२ सप्टेंबर २००४ रोजी तिचा पहिला भाग अमेरिकेत दाखवला गेला आणि २००७ पर्यंत तिची तीन पर्वं झाली. क्रिस्टन बेल या अभिनेत्रीने व्हेरोनिकाचं काम केलं. ‘फ्रोजन’ या कार्टूनपटातली ॲना आठवते ना? तिचा इंग्रजी आवाज हिचाच, बरं का!

नेपच्यून गावची गोष्ट

गोष्ट घडते कॅलिफोर्नियातल्या नेपच्यून नावाच्या काल्पनिक गावात. गाव समुद्रकाठी, दिसायला सुंदर, पण आतून दुभंगलेलं. एकीकडे सिनेमानट आणि कंपन्यांचे मालक, दुसरीकडे त्यांच्याकडे राबणारी माणसं. श्रीमंत वस्तीचा पिनकोड ९०९०९. म्हणून तिथल्या मुलांना शाळेत ‘ओ-नाइनर्स’ म्हणतात. कोण कुणाशी बोलणार हेसुद्धा पिनकोडवर ठरतं!

व्हेरोनिका सतरा वर्षांची, अकरावीतली. तिचे बाबा कीथ मार्स हे तिथले शेरीफ होते. शेरीफ म्हणजे त्या भागाचा पोलीसप्रमुख. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हा माणूस लोकांच्या मतांवर निवडून येतो. व्हेरोनिकाची जिवाभावाची मैत्रीण लिली केन हिचा खून झाला आणि कीथने संशय घेतला तो थेट लिलीच्या वडिलांवर, गावातल्या बड्या उद्योगपतीवर. गाव खवळलं. लोकांनी मतदान करून कीथला पदावरून खाली खेचलं. व्हेरोनिकाची आई घर सोडून गेली. व्हेरोनिका बाबांच्या बाजूने उभी राहिली, म्हणून कालपर्यंत तिच्या गळ्यात गळा घालणाऱ्या मित्रमैत्रिणींनी तिच्याकडे पाठ फिरवली.

कीथने मग खासगी गुप्तहेराचं कार्यालय उघडलं आणि शाळा सुटल्यावर व्हेरोनिका तिथे काम करू लागली. पुढे शाळेतली मुलंही आपापल्या अडचणी घेऊन तिच्याकडे येऊ लागली.

आता वाटेल, की किती गुणी मुलगी! गुणी आहेच. धीट आहे, हजरजबाबी आहे, बाबांवर तिचा जीव आहे. पण तिच्या अंगात काही मोठे दोषही आहेत, आणि मालिका ते लपवत नाही.

मदत केली, पण कशी?

पहिल्याच भागात वॉलेस नावाचा नवा मुलगा शाळेत येतो. तो एका दुकानात काम करत असताना मोटारसायकलवाल्या टोळीतली पोरं चोरी करतात आणि हा धोक्याची घंटा दाबतो. त्याचा सूड म्हणून टोळी त्याला शाळेतल्या झेंड्याच्या खांबाला चिकटपट्टीने बांधून ठेवते. सगळी शाळा भोवती उभी राहून हसते. एकटी व्हेरोनिका पुढे होते आणि पट्ट्या कापून त्याला सोडवते. आपण टाळ्या वाजवतो.

पण पुढे काय होतं? टोळीने वॉलेसचा नाद सोडावा म्हणून ती चोरीचा पुरावाच बदलायचं ठरवते. दुकानातल्या कॅमेऱ्याची टेप पोलिसांकडे असते. तिथपर्यंत पोचण्यासाठी ती लोगन नावाच्या मुलाच्या शाळेतल्या कपाटात गुपचूप एक आक्षेपार्ह वस्तू ठेवते. वस्तू सापडते, जप्त होते, पोलिसांच्या पुरावे ठेवण्याच्या खोलीत जाते, तिथे धूर निघतो, धावपळ उडते आणि टेपची अदलाबदल होते. कोर्टात भलतंच चित्रण दिसतं आणि चोर सुटतात!

आता हिशेब मांडू या. वॉलेस वाचला, हे चांगलं झालं. पण चोरी करणारे मोकळे सुटले. आणि लोगन? तो उद्धट होता, व्हेरोनिकाला सतत टोमणे मारायचा, हे खरं. तरी या भानगडीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. ‘तो तसलाच आहे, त्याला काही झालं तरी चालेल,’ असं व्हेरोनिकाने मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

ही तिची पहिली खोड. आपल्या बाजूचा आणि पलीकडचा, अशी ती माणसांची वाटणी करते. आपल्या माणसासाठी जिवाचं रान करील, पण पलीकडच्या माणसाला न्याय द्यायचा असतो, हे विसरून जाईल.

आवडते सर आणि नावडती मुलगी

पहिल्या पर्वाच्या चौदाव्या भागात तर ही खोड तिला चांगलीच भोवते. कॅरी नावाची मुलगी शाळेतल्या एका शिक्षकाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार करते. हे शिक्षक मुलांचे लाडके, व्हेरोनिकाचेही लाडके. कॅरी मात्र श्रीमंतांच्या कंपूतली, चहाड्या करण्यात पटाईत. व्हेरोनिका सरांच्या बाजूने शोधाला लागते. तिचे बाबा मात्र कॅरीच्या बाजूने तपास करत असतात. म्हणजे लेक विरुद्ध बाप!

व्हेरोनिका हुशारीने कॅरीच्या सांगण्यातल्या चुका शोधून काढते. कॅरी खोटं बोलली हे सिद्ध होतं आणि सर सुटतात. जिंकली आपली नायिका!

आणि मग तिला कळतं, की सर खरोखरच दोषी होते. कॅरीच्या एका मैत्रिणीवर त्यांनी अन्याय केला होता. ती मैत्रीण बोलायला धजत नव्हती, म्हणून कॅरीने तिची गोष्ट आपली म्हणून सांगितली होती. व्हेरोनिकाने पकडलेलं खोटं हे खोटंच होतं, पण त्याच्या तळाशी असलेलं खरं तिला दिसलं नाही. का दिसलं नाही? कारण शोध सुरू करण्यापूर्वीच तिचा निकाल लागला होता. सर चांगले, कॅरी वाईट!

प्राथमिक शाळेत शिकवताना मी ही गोष्ट रोज पाहते. वर्गात कुणाचं खोडरबर हरवलं, की दप्तरं तपासण्याआधीच चारपाच बोटं एकाच मुलाकडे वळतात. पूर्वी एकदा त्याने कुणाची पेन्सिल घेतलेली असते, बस्स! आणि पहिल्या बाकावरच्या गोड मुलीचं दप्तर बघा असं कुणी म्हणत नाही. खोडरबर बहुतेक वेळा बाकाखालीच सापडतं, पण तोवर त्या मुलाचे डोळे भरून आलेले असतात.

पालकांनाही एक विनंती. मूल एखाद्या मोठ्या माणसाबद्दल तक्रार घेऊन आलं, तर ‘अगं, ते किती चांगले आहेत,’ असं म्हणून त्याला गप्प करू नका. आधी पूर्ण ऐकून घ्या.

कान लावून बसलेली व्हेरोनिका

तिची दुसरी खोड म्हणजे लोकांचं खासगी ऐकणं. शाळेत मुलांना धीर देणाऱ्या समुपदेशक बाई असतात. लिलीच्या मृत्यूने हादरलेली मुलं त्यांच्याकडे येऊन मन मोकळं करतात. व्हेरोनिका त्या खोलीतच चोरून ऐकण्याचं यंत्र बसवते! तिचा हेतू असतो लिलीचा खुनी शोधण्याचा. पण तिथे बोलणाऱ्या मुलांनी आपलं दुःख बंद दाराआड, विश्वासाने सांगितलेलं असतं. ते ऐकायचा अधिकार तिला कुणी दिला?

वॉलेस शाळेच्या कार्यालयात मदतीला बसतो. व्हेरोनिका त्याला गोड बोलून इतर मुलांच्या फायली आणायला लावते. पकडला गेला असता तर शिक्षा त्याला झाली असती. तो बिचारा मैत्रीखातर आणून देतो. मैत्री म्हणजे कामाला जुंपायचा बैल नव्हे, हे तिला कळायला बराच वेळ लागतो.

किंमत कोण मोजतं?

या सगळ्याचा हिशेब तिसऱ्या पर्वाच्या शेवटी होतो. व्हेरोनिका आता कॉलेजात आहे. कीथ पुन्हा शेरीफच्या खुर्चीवर तात्पुरता बसला आहे आणि निवडणूक तोंडावर आली आहे. गेलेला मान परत मिळणार! नेमक्या त्याच वेळी, आपली बदनामी करणाऱ्यांचा छडा लावायला व्हेरोनिका लिलीच्या वडिलांच्या बंगल्यात शिरते आणि संगणकाची हार्ड डिस्क पळवते. घरातल्या कॅमेऱ्यात ती टिपली जाते.

चित्रण कीथच्या हाती लागतं. आयुष्यभर कायद्याने चालणारा हा माणूस काय करतो? तो ते चित्रण नाहीसं करतो. लेक वाचते. पण पुरावा नष्ट केल्याचा आरोप बापावर येतो आणि निवडणूक हातातून निसटल्यातच जमा होते. शेवटच्या दृश्यात व्हेरोनिका बाबांना मत देऊन पावसात एकटी चालत जाते. २२ मे २००७ रोजी मालिका तिथेच संपली. टाळ्या नाहीत, शाबासकी नाही.

पूर्वी तिच्या उचापतींची किंमत लोगनसारख्या परक्यांनी मोजली, तेव्हा तिला फारसं टोचलं नव्हतं. आता ती घरातल्याच माणसाने मोजली.

मग ती वाईट का?

तुम्ही विचाराल, की बाई, अशी मुलगी नायिका कशी? याचं उत्तर मालिकेच्या लेखकाकडे असावं. रॉब थॉमस हे लेखक होण्यापूर्वी शाळेत शिक्षक होते, मुलांना पत्रकारिता शिकवायचे. कुमारांसाठी त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या. या वयातली मुलं पूर्ण शहाणी नसतात आणि पूर्ण वाईटही नसतात, हे त्यांनी वर्गात पाहिलं असणार. १९३० सालापासून वाचकांना आवडणारी नॅन्सी ड्र्यू ही गुप्तहेर मुलगी जवळजवळ निर्दोष आहे. व्हेरोनिका तशी नाही. ती दुखावलेली आहे. कोणी आपल्याला न्याय देत नाही असं दिसल्यावर, न्याय मिळवायचे नियम आपणच ठरवायचे, असं तिने मनाशी घेतलं. तिचं दुःख समजून घेतलं म्हणजे तिचं प्रत्येक वागणं बरोबर ठरत नाही. पण समजून घेतल्याशिवाय ते नीट कळतही नाही.

आणि प्रेक्षकांनी तिला दोषांसकट आपलं मानलं! मालिका बंद पडल्यावर २०१३ मध्ये चित्रपटासाठी लोकांकडून वर्गणी मागण्यात आली. हवे होते २० लाख डॉलर. ९१ हजारांहून जास्त लोकांनी मिळून ५७ लाख डॉलर दिले. २०१४ मध्ये चित्रपट आला आणि २०१९ मध्ये आणखी आठ भाग निघाले.

पालकांसाठी सांगायला हवं, की मालिकेत हिंसा आहे आणि मोठ्या माणसांचे विषयही आहेत. लहानांनी ती पाहू नये. मोठ्या मुलांनी पाहायचीच असेल तर आई-बाबांबरोबर पाहावी आणि मध्ये थांबून बोलावं.

बोलायला प्रश्न मी देते. कीथने मुलीला वाचवण्यासाठी कायदा मोडला. तुम्ही नेपच्यून गावचे मतदार असतात, तर त्याला मत दिलं असतंत का? आज रात्री जेवताना घरात विचारून बघा. सगळ्यांचं उत्तर एकच येईल, असं मला तरी वाटत नाही.