घनाकृती मनात फिरविताना
दोन चित्रांतील घनाकृती एकच आहे की नाही, हे ठरविण्यास लागणारा काळ त्यांच्यामधील कोनाच्या प्रमाणात वाढतो, अर्थात मन ती आकृती जणू खरोखरच फिरविते, हे रॉजर शेपर्ड आणि जॅकलीन मेट्झलर यांनी 1971 साली दाखविले. अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी 1993 पासून आकृती अशी मनात फिरविण्यात कच्च्या असणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकरिता, आणि त्यांत मुलींचे प्रमाण विशेष होते, स्वतंत्र अभ्यासक्रमाची तजवीज केली. संगणकाच्या पडद्यावर आकृती फिरवून, छेदून पाहण्याची सोय झाल्यावरही हाताने रेखाटण्याचा परिपाठ त्यांनी कायम ठेवला. यंत्राने फिरविलेली आकृती पाहून डोळ्यांची करमणूक होते, मनाला श्रम पडतातच असे नाही. तेव्हा हा आग्रह मला रास्त वाटतो. त्या अभ्यासक्रमानंतर विद्यार्थिनींचे अभियांत्रिकीत टिकून राहण्याचे प्रमाणही वाढलेले आढळले.