बालवर्गातील हातांचे शिक्षण

आमच्या निवासी शाळेला जोडून चालणाऱ्या बालवर्गात तीन ते सहा वर्षांची मुले येतात. ही मुले वसतिगृहात राहत नाहीत. आसपासच्या वस्त्यांतून सकाळी येतात व दुपारी घरी जातात. पहिलीपासून या शाळेत शिकलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना या वर्गाची फारशी माहिती नाही. वर्गाच्या दारातून डोकावले, तर कोणी परातीत माती मळताना, कोणी चिंचोके ओळीने मांडताना, तर कोणी तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना दिसते. फळ्यावर बहुधा काहीच लिहिलेले नसते.

मागे एका पालकसभेत एक आजी उठून म्हणाल्या, "आमचा जन्म शेणामातीत गेला. लेकराच्या हातात पाटी बघावी म्हणून शाळेत धाडलं, तर तुम्ही पुन्हा मातीच दिली." सभा क्षणभर स्तब्ध झाली. त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर घाईचे होते आणि त्यात थोडा शिक्षकी तोराही होता. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते अधिक नीट द्यावे, असे वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की आजींचा प्रश्न अज्ञानातून आलेला नाही. आपल्या समाजाच्या वाट्याला हाताचे काम आले ते निवडीने नव्हे. लिहिणारे हात आणि राबणारे हात जातीने कसे वेगळे ठेवले, याची मांडणी बाबासाहेबांनी 'अ‍ॅनाइहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ साली केलीच आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तके आहेत, त्यांना मुलाने मातीत खेळणे कौतुकाचे वाटते. ज्यांच्या घरात पहिले पुस्तक कालपरवा आले, त्यांना त्यात जुन्या सक्तीची सावली दिसते. म्हणून 'मातीकाम चांगले असते' एवढे सांगून आमची सुटका होत नाही. ते कशासाठी, हे सांगावे लागेल.

पाटीपासूनच सुरुवात करू. प्रौढ माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मवेळी ती सारी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. त्यांचे हाड बनण्याची क्रिया पुढे कित्येक वर्षे चालू राहते. साडेतीन वर्षांच्या मुलाला तासभर 'अ' गिरवायला लावले की ते पेन्सिल मुठीत आवळते, खांद्यातून जोर लावते आणि लवकरच कंटाळते. बोटांचे छोटे स्नायू अद्याप तयार नसतात. ते तयार होतात माती मळण्याने, ओला कपडा पिळण्याने, मणी ओवण्याने, बटण लावण्याने. मिसळलेली तूर आणि चवळी निवडताना अंगठा व तर्जनी ज्या चिमटीत येतात, त्याच चिमटीत पुढे पेन्सिल बसते. तेव्हा आजींना आमचे पहिले उत्तर असे की माती ही पाटीच्या जागी दिलेली नाही, पाटीसाठी दिलेली आहे. अक्षरेसुद्धा आम्ही आधी बोटाला देतो. पुठ्ठ्यावर खरकागदाची कापून चिकटवलेली अक्षरे मूल बोटाने गिरवते आणि गिरवताना त्यांचा उच्चार करते. 'ळ'चे वळण डोळ्यांना फसवते, बोटाला तितके फसवत नाही.

अंकांची गोष्टही अशीच. एक ते वीस घडाघडा म्हणणारे मूल घरी कौतुकास पात्र ठरते. पण त्याच्यापुढे सात चिंचोके ठेवून 'किती?' विचारले, तर ते एकाच चिंचोक्यावर दोनदा बोट ठेवून आठ सांगते. तोंडाचे म्हणणे आणि हाताचे मोजणे यांची गाठ पडलेली नसते. ती पडावी म्हणून आम्ही प्रत्येक बाहुलीला एक वाटी, प्रत्येक वाटीत एक चमचा अशी मांडणी करून घेतो. आपल्या भाषेतील एकोणीस हा शब्दही मुलांना अडवतो, कारण त्यात वीस कुठे ऐकूच येत नाही. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे बांधून दिले आणि त्यातली एक काडी काढून घेतली की 'विसाला एक उणा' हे सांगण्याची गरज उरत नाही. मूल स्वतःच गठ्ठ्यातली रिकामी जागा दाखवते.

(चिंचोके नाकात घालण्याचा छंद काही मुलांना असतो. म्हणून सर्वांत लहान गटाला आम्ही मोठ्या आकाराच्या वस्तू देतो, आणि लहान वस्तूंचे काम शिक्षिका समोर बसल्याशिवाय सुरू होत नाही.)

आता पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्या वर्गात सर्वाधिक गर्दी पाण्याच्या टबाभोवती असते आणि सर्वाधिक तक्रारीही भिजलेल्या सदऱ्यांच्याच येतात. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यावे, मुलाकडून तशी खात्री करून घ्यावी आणि मग एका पेल्यातील पाणी उंच, अरुंद बाटलीत ओतावे. चार-पाच वर्षांची बहुतेक मुले बाटलीत पाणी जास्त झाले असे सांगतात. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे निरीक्षण जगापुढे आणले. वस्तूचा आकार बदलला तरी तिचे परिमाण तेच राहते, ही समज साधारणपणे सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्की होते. ती सांगून येत नाही. आम्ही 'सारखेच आहे' असे दहा वेळा सांगितले तर मूल आमच्या समाधानासाठी मान डोलावेल. पण पाणी परत पेल्यात ओतून स्वतः पाहिल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटतो, तो अधिक मोलाचा. धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' हा शब्द रोज उच्चारतो. ये आणि पाहा, हा त्याचा अर्थ बालवर्गाइतका दुसरीकडे क्वचितच शब्दशः पाळला जात असेल.

पाण्याचे भांडे हे शिक्षणाचे साधन म्हणून नवे नाही. मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात भगवंतांनी पाय धुतल्यावर भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि ते राहुलला दाखवले. मग ते ओतून टाकले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथून रिकामे दाखवले आणि प्रत्येक वेळी जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याच्या श्रमणत्वाशी त्याची तुलना केली. परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. सम्राट अशोकाने भाब्रूच्या लेखात भिक्षू व उपासकांनी वारंवार ऐकावे म्हणून ज्या उपदेशांची नावे कोरली, त्यांत राहुलला खोटेपणाविषयी केलेला उपदेशही आहे. नुकतेच हाताळलेले भांडेच उदाहरणासाठी घेतले गेले, ही गोष्ट शिक्षक म्हणून आम्हाला फार जवळची वाटते.

पाण्याचे आणखी एक कारण आहे, आणि आजींच्या प्रश्नाचे खरे उत्तर कदाचित तेच असेल. बाल भीमरावांना शाळेत बसायला घरून तरट न्यावे लागे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती; शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे, आणि शिपाई नसला की तहान तशीच राही. महाडला २० मार्च १९२७ रोजी जे घडले, त्याच्या मुळाशी हात आणि पाणी यांच्यामधली हीच भिंत होती. आमच्या वर्गात एकच टब आहे. त्यात सर्व वस्त्यांतील मुलांचे हात एकाच वेळी बुडतात, तांब्या एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो, आणि कोणाचे हात कोणाचे हे कोणी विचारत नाही. 'हात लावू नको' हे शब्द आम्ही फक्त विजेच्या बटणापाशी आणि चुलीपाशी वापरतो.

हाताने शिकणे ही श्रीमंतांची चैन आहे, असाही एक समज आहे. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामकरी वस्तीत निघाले होते. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते समर्थपणे वाढवले. मुले शाळेत येत नाहीत हे पाहून या बायांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. महागड्या लाकडी साधनांऐवजी पाने, बिया, शंखशिंपले वापरले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. आमची साधने त्याच वळणाची आहेत. पिंपळाची पाने लहान-मोठ्या क्रमाने लावणे, पानावर कागद ठेवून खडूने शिरांचा ठसा उठवणे, हे काम जयंतीच्या आधीच्या आठवड्यात मुले तासन्‌तास करतात.

मात्र या कामात एक खोटेपणा सहज शिरतो, आणि तो आमच्याही हातून झाला आहे. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात सुबक मातीचे हत्ती मांडले जातात. ते निम्मे शिक्षिकांनी रात्री बसून केलेले असतात. मुलाचा हत्ती चार पायांवर उभा राहत नाही, त्याची सोंड गळून पडते. आता आम्ही तोच मांडतो. पालकांना तो ओबडधोबड वाटला तरी चालेल. तो विकायचा नाही आणि मुलाला त्यातून कुंभारही व्हायचे नाही. पिढीजात धंद्याचे शिक्षण आणि हे काम यांत फरक आहे तो इथे: धंद्यात वस्तू नीट व्हावी लागते, इथे ती मोडली तरी काम पूर्ण होते.

पाटी मुलांच्या हाती केव्हा येते, हे विचारणाऱ्या पालकांनी वर्षाच्या उत्तरार्धात मोठ्या गटात येऊन बसावे. त्या वेळी येताना घरातील जुनी कुलुपे व त्यांच्या किल्ल्या, निरनिराळ्या तोंडांचे तांबे-पेले, मोठ्या बटणांचे जुने सदरे आणावेत; यांची आम्हाला नेहमीच वाण असते. सेलवर चालणारी खेळणी कृपया आणू नयेत. ती स्वतःच खेळतात, मूल नुसते पाहत राहते. मुलांना मात्र जुना सदरा अंगात घालूनच पाठवावे. भिजणे टळेल असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही.