फड केवढा हवा?

लातूर जिल्ह्यातल्या जळकोटच्या बाजूला जत्रेत कुस्तीचा फड भरला की पारावर एक वाद हमखास रंगतो: मैदान मोठं असावं की गच्च भरलेलं?

भूमितीचा कौल मोठ्या मैदानाला आहे. मधला 10 मीटर त्रिज्येचा भाग मोकळा ठेवून माणसं 20 मीटरपर्यंत बसवली, तर साधारण 940 चौरस मीटर जागा मिळते. 40 मीटरपर्यंत बसवली, तर 4,700. त्रिज्या दुप्पट, जागा पाचपट! पण सपाट रानात पाचव्या रांगेतल्याला काय दिसतं? पुढच्याचा फेटा. म्हणून तर पोरं झाडावर चढतात. यावर खरा उतारा कोल्हापूरच्या खासबागेत सापडतो. 1902 साली रोमचं कलोसियम पाहून आलेल्या शाहू महाराजांनी हे मैदान बशीसारखं खोलगट बांधून घेतलं. 1912 साली ते खुलं झालं. मागची रांग उंच, त्यामुळे नजर थेट मातीवर.

पैशाचं गणित मात्र वेगळंच. जत्रेच्या फडाला बहुधा तिकीट नसतं. वर्गणीतून इनाम ठरतं, आणि शेवटच्या कुस्तीचं इनाम जितकं मोठं तितका नामी मल्ल. असे मल्ल इथेही घडले; लातूर जिल्ह्यानेच 1969 चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार दिले. अमेरिकेची डब्ल्यूडब्ल्यूई ही कुस्तीच्या खेळांची कंपनी तर प्रक्षेपणाच्या हक्कांवर गब्बर झाली, तरी रिकाम्या खुर्च्या पडद्यावर दिसू नयेत म्हणून धडपडते. आपल्याकडे ते काम हलगीवाला करतो. हलगी कडाडली की अर्धा भरलेला फडही भरल्यासारखा वाटतो.