हजारातला एक भाग

18 मिलिमीटर जाडीचा, 8 फूट लांबीचा प्लाय टेबल सॉवर उभा कापला, की 3 मिलिमीटरच्या चिरेतलं सुमारे 130 घन सेंटिमीटर लाकूड भुसा होऊन जातं. वजन 85 ग्रॅमच्या आसपास. आता 20 फूट लांब, 15 फूट रुंद, 10 फूट उंच असं सुतारकामाचं एक दालन घ्या. त्यात हवा मावते 85 घनमीटर. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेने लाकडाच्या धुळीसाठी सुचवलेली कामाच्या पाळीतली सरासरी मर्यादा आहे घनमीटरला 1 मिलिग्रॅम. म्हणजे दारं-खिडक्या बंद असताना त्या एका कापातल्या भुशाचा हजारावा भाग तरंगत राहिला, तरी दालनातली हवा मर्यादेला टेकते. युरोपीय संघाची कठीण लाकडासाठीची मर्यादा 2 मिलिग्रॅम आहे. तिथेही हिशेब हजारात दोन भागांवरच येतो.

या मर्यादा उगाच कडक नाहीत. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवलं आहे. इंग्लंडमधल्या हाय वायकोम्बच्या फर्निचर कामगारांमधले नाकाचे कर्करोग तर साठच्या दशकातच डॉक्टरांच्या नजरेत आले होते.

हा हजारावा भाग बहुतेक वेळा टेबलाच्या वरून निसटतो. 10 इंची पातं मिनिटाला 4,000 फेरे घेतं, तेव्हा दात्याचा वेग सेकंदाला 53 मीटर असतो, ताशी 190 किलोमीटर. 40 दाते असतील तर मिनिटाला 1,60,000 घाव. पुढच्या बाजूने दाते खाली उतरतात, म्हणून बराचसा भुसा खालच्या पेटीत जातो. पण दात्यांच्या खाचांत अडकलेला भुसा मागून वर येतो आणि पात्याच्या माथ्यावरून थेट कापणाऱ्याच्या दिशेने उडतो. फळीची कड जेमतेम तासायची असेल तेव्हा तर चिरेला एक भिंतच नसते. तेव्हा वरचा मारा सर्वांत वाईट.

त्यावर शेजारी पाइप टांगून भागत नाही. फुंकरीने हातभर लांबची मेणबत्ती विझते, श्वास आत ओढून ती विझत नाही. 4 इंची पाइपच्या तोंडाशी हवा सेकंदाला 20 मीटरने आत जात असली, तरी तोंडापासून 4 इंचांवर ती दीड मीटरवर येते. समोरून येणारा कण 50 मीटरच्या घरातला! त्याला ओढून वळवणं अशक्यच. म्हणून पात्यावर बंदिस्त टोपण हवं: बाजू लाकडापर्यंत उतरलेल्या, आणि आतला भुसा जिकडे उडतो तिकडेच शोषणाचं तोंड. उडणारा कण स्वतःहून तोंडात शिरला पाहिजे. त्या टोपणाला स्वतंत्र शोषण मिळालं तर उत्तमच. खाली-वर एकच यंत्र असेल, तर मुख्य पाइप 6 इंची घ्यावा. त्याच वेगाने त्यातून सव्वादोनपट हवा जाते.

जाड किस लगेच खाली बसतो. 10 मायक्रॉनचा कण मात्र शांत हवेत दीड मीटर उतरायला पाच ते आठ मिनिटं घेतो, आणि 1 ग्रॅम लाकडातून असे सव्वाशे कोटी कण होऊ शकतात. 1 मायक्रॉनच्या कणाला तर तेवढंच अंतर उतरायला आठ-दहा तास लागतात. पातं थांबल्यावर लगेच मास्क उतरवू नये, ओढपंखाही चालूच ठेवावा.