माटोळीची वही

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांस माटोळी ठाऊक नसेल. गोव्यात चतुर्थीला गणेशमूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि नारळ, सुपारीचे घोस, तोरिंग, चिबूड यांच्या जोडीला रानची फळेफुले तिला बांधतात. पेडणे-डिचोलीकडे हे रान म्हणजे बहुधा गावामागचा सडा व त्याच्या उतारावरील झाडी. कुड्याच्या जोडशेंगा, तांबडे कवंडळ, वाळल्यावर खुळखुळणाऱ्या घागऱ्या, शेरवडीची पांढरी पाने, ज्वालेसारखी कळलावी. आजोबांमागून रानात जाणारे मूल कुड्याची साल अतिसारावर चालते आणि कळलावीचा कंद जीवघेणा असतो, हे चालता चालताच शिकत असे. आता पुष्कळ घरांत माटोळीचे सामान बाजारातून येते. वस्तू मिळते, ती कोठे उगवते ते मात्र कळत नाही.

जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. त्यान्वये प्रत्येक पंचायतीत समिती असावी आणि तिने गावातील जिवांची व त्यांविषयीच्या लोकज्ञानाची नोंदवही ठेवावी, अशी योजना आहे. या कल्पनेमागे माधव गाडगीळांची दीर्घ खटपट होती. हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, तेव्हा देशभर वह्या भरण्याची एकच धांदल उडाली. घाईत भरलेल्या वहीत आजीबाईंचे ज्ञान कितीसे उतरणार?

म्हणून आम्ही श्रावणातच विद्यार्थ्यांच्या हाती साध्या वह्या देतो. वनस्पतीचे घरात चालणारे नाव, ती कोठे आढळली, उपयोग काय, माहिती कोणी दिली, एवढेच रकाने. शेवटचा रकाना 'पूर्वी होती, आता दिसत नाही' असा आहे. तो आजीला विचारूनच भरावा लागतो आणि आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा. एकाच वेलाला दोन वाड्यांत दोन नावे निघाली की वर्गात कडाक्याचे भांडण होते. आम्ही ते मिटवीत नाही. दोन्ही नावे लिहावयास सांगतो.

सड्याला सरकारदरबारी पडीक समजण्याची सवय जुनी आहे. मोप्याच्या सड्यावर डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. डिचोलीकडे लोहखनिजासाठी डोंगर पूर्वीपासूनच खणले गेले. विकास नको, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जागा देताना तेथे काय काय उगवते हे गावाच्या वहीत लिहिलेले असले, तर निदान विचारणाऱ्याच्या हाती कागद असतो.

तोडण्याचेही नियम मुलांनीच ठरविले आहेत: वेल मुळासकट ओढावयाचा नाही, एकच रोप असेल तर त्याला हात लावावयाचा नाही. माटोळीच्या स्पर्धेत दुर्मिळ वस्तू मांडण्याची ईर्ष्या असते, त्यामुळे हा दुसरा नियम घरच्या वडीलधाऱ्यांस पटविणे जड जाते. विसर्जनानंतर पिकलेली फळे शाळेत आणून बिया कुंपणालगत पेरतात. कवंडळाचा वेल तारेवर चढला आहे. कुड्याची रोपे अद्याप वीतभरच आहेत, आणि गुरांपासून ती राखण्याची पाळी या आठवड्यात पाचवीच्या वर्गाकडे आहे.